एमएचवर दावा लावायचा का?

सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावांत घरटी एक माणूस फौजेत असतो, तिथे एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल, हे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. घरातली बाळंतपणं तिथे झालेली असतात, म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू तिथेच काढलेले असतात. त्यामुळे तिथल्या उपचारांत काही चुकलं, तर कोर्टात जायचं का हा प्रश्न या घरांत मोठ्या आवाजात विचारला जात नाही. त्याच्या दोन बाजू मी इथे दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहेत आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेले सुभेदार. नर्सिंग असिस्टंट म्हणून त्यांची उभी नोकरी वॉर्डात गेली. दुसरी त्यांच्या जुन्या सोबत्याची मुलगी, पुण्यात वकिली करणारी. माणसं आणि प्रसंग रचलेले आहेत, कायदा आणि निकाल खरे आहेत. माझा कल मुलीकडे आहे. पण सुभेदारांचे मुद्दे मी सौम्य केलेले नाहीत, कारण ते खरेच जड आहेत.

प्रसंग असा. गावातला एक निवृत्त हवालदार स्कूटरवरून पडला आणि नडगीचं हाड मोडलं. एमएचमध्ये प्लास्टर घातलं. रात्रभर तो कळांनी ओरडत होता, आणि हाड मोडलंय म्हटल्यावर दुखणारच, असं त्याला सांगितलं गेलं. सकाळी बोटं काळीनिळी पडली होती. पुढे गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

सुभेदार : हवालदाराची बायको तुझ्याकडे आली होती म्हणे. पोरी, तिला कोर्टाच्या नादी लावू नकोस. बाहेरच्या दवाखान्यात आधी डिपॉझिट विचारतात. आमच्याकडे स्ट्रेचर दारात आलं की आधी सलाईन लागायचं, नाव-नंबर नंतर. ज्या घराचं मीठ खाल्लं त्याच घरावर दावा लावायचा?

वकील : काका, ती पैसे मागायला आली नव्हती. "त्या रात्री काय झालं, ते मला कोण सांगेल?" एवढंच तिने विचारलं. डिस्चार्जच्या कागदावर पाय का कापला त्याची जेमतेम एक ओळ आहे. रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत काय झालं, त्याचा एक शब्दही नाही.

सुभेदार : मग सीओ साहेबांना, एमएचच्या कमांडिंग ऑफिसरना भेटावं. अर्ज द्यावा. साहेब चौकशी लावतील.

वकील : अर्ज दिला. उत्तर आलं की उपचार नियमानुसार झाले. चौकशी झाली का, कुणी केली, काय निघालं, काहीच कळवलं नाही. मला सांगा, हवालदाराने आता कुठे जावं? तो नोकरीत असता तर मेडिकल बोर्ड बसला असता, सैन्यसेवेमुळे अपंगत्व आलं का ते ठरलं असतं, पेन्शनचा वाद आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलपुढे नेता आला असता. तो केव्हाच निवृत्त झालाय. पाय घरी बसल्यावर गेला. त्याला भरपाई मागायची तर निष्काळजीपणाचा दावा हाच रस्ता उरतो.

सुभेदार : आणि फौजेविरुद्ध असा दावा टिकतो? आमच्या वेळी तर म्हणायचे, सरकारवर केस करून काही हाती लागत नाही.

वकील : टिकतो. हवाई दलातल्या एका कॉर्पोरलचीच गोष्ट घ्या. २००२ साली ऑपरेशन पराक्रम चालू होतं तेव्हाची.

सुभेदार : संसदेवर हल्ला झाला त्यानंतरची मोठी हालचाल. सगळी सरहद्द भरली होती तेव्हा.

वकील : हो. तो जम्मूकडच्या सांबा इथल्या लष्करी रुग्णालयात आजारी म्हणून दाखल झाला. तिथे त्याला रक्त चढवलं. बारा वर्षांनी, २०१४ मध्ये, तो पुन्हा आजारी पडला आणि तपासणीत एचआयव्ही निघाला. मेडिकल बोर्डांनीच लिहून दिलं की २००२ मध्ये दिलेल्या रक्तातून हा संसर्ग झाला, म्हणून तो सेवेशी निगडित. २०१६ मध्ये त्याला सेवेतून मोकळं केलं. त्याने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे तक्रार केली, ती फेटाळली गेली. मग सर्वोच्च न्यायालयात अपील. २६ सप्टेंबर २०२३ ला निकाल लागला. हवाई दल आणि लष्कर दोघांनाही जबाबदार धरलं आणि १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये भरपाई द्यायला सांगितलं. त्यातले पन्नास लाख मानसिक त्रासाबद्दल होते.

सुभेदार : एवढी रक्कम?

वकील : रक्कम बाजूला ठेवा. महत्त्वाचं पुढेच आहे. त्याला जिंकून दिलं ते फौजेच्याच कागदाने. मेडिकल बोर्डाची कारवाई पेन्शनसाठी झाली होती, तोच कागद कोर्टात पुरावा म्हणून उभा राहिला. आणि न्यायालयाने कुठल्याही एका डॉक्टरला किंवा ऑर्डर्लीला दोषी ठरवलं नाही. घडलेली गोष्ट स्वतःच चूक सांगते, आता रुग्णालयाने ती कशी झाली नाही ते दाखवावं, अशी न्यायालयाची भूमिका होती. रुग्णालयाला ते दाखवता आलं नाही.

सुभेदार : थांब. इथेच मला बोलायचंय. तुम्ही लोक बाहेरून बघता म्हणून तुम्हाला एक गोष्ट दिसत नाही. तक्रार वर गेली की कोर्ट ऑफ इन्क्वायरी लागते. डॉक्टर साहेबांची तोवर बदली झालेली असते, सिस्टर दुसऱ्या स्टेशनला गेलेली असते. शेवटी सापडतो कोण? रात्रपाळीचा नर्सिंग असिस्टंट. बावीस वर्षांचं पोरगं. एका बाजूला भरलेला वॉर्ड, दुसऱ्या बाजूला दोन सीरियस पेशंट, आणि सह्या करायला तो एकटा. त्याचं करिअर जातं. मी अशी पोरं पाहिली आहेत. त्यांच्या घरीही आई असते.

इथे मला मध्येच बोलावंसं वाटतं. ही भीती खोटी नाही. दावा म्हटला की माणसांना गुन्हेगार शोधणं आठवतं, आणि सरकारी यंत्रणेत गुन्हेगार शोधायला निघालं की शोध खालच्या पायरीवरच संपतो. लष्करी रुग्णालयांबद्दल ज्यांना मनापासून आस्था आहे, ते दाव्याला घाबरतात ते बहुतेक याच कारणाने.

वकील : म्हणूनच मी पोलिसांत जाऊ नका म्हणून सांगितलंय. जेकब मॅथ्यूच्या निकालात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की डॉक्टरवर फौजदारी चालवायची तर निष्काळजीपणा फार मोठा, उघड बेफिकिरीचा असावा लागतो, आणि त्याआधी तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. हवालदाराचं प्रकरण तिथे बसत नाही. आपला दावा दिवाणी स्वरूपाचा, भारत सरकारवर. पोराचं नाव त्यात प्रतिवादी म्हणून घालायची गरजच नाही. वॉर्ड भरलेला होता आणि ड्युटीवर एकटाच माणूस होता, हे तुम्ही म्हणता ना? तेच मला न्यायाधीशांपुढे मांडायचंय. त्या रात्री एकटा माणूस का होता, याचं उत्तर त्या पोराकडे नाही, ते वरच्यांकडे आहे.

सुभेदार : सरकार म्हणेल, सैन्य चालवणं हे सार्वभौम काम आहे, त्यात कोर्टाने पडू नये.

वकील : हा वाद आपल्या महाराष्ट्रातूनच निकालात निघालाय, काका. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईची बाळंतपणानंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहिला. पोट पुन्हा उघडल्यावर तो सापडला, पण बाई वाचली नाही. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार दिले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बहाल केले. रुग्णालय चालवणं हे लोककल्याणाचं काम आहे, ते काही सार्वभौम अधिकारात मोडत नाही, असं तिथे म्हटलं. आणि टॉवेल नेमका कुणी विसरला ते सिद्ध झालं नाही तरी राज्य जबाबदार, असंही.

सुभेदार : तेहतीस वर्षं! बाईची लेकरंसुद्धा म्हातारी व्हायला आली असतील. आणि तू हवालदाराच्या बायकोला हाच रस्ता दाखवणार?

वकील : तो रस्ता दिवाणी कोर्टाचा होता. आज जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात लावता येते, म्हणजे साताऱ्यातच. कुठल्या पातळीवरचा आयोग, ते आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. आणि मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही. वेळ लागतो, मी नाकारत नाही. पण तिला प्रवास करून मुंबई-दिल्ली गाठायची गरज सुरुवातीला तरी पडत नाही.

सुभेदार : मोबदला कसला? एमएचमध्ये उपचार फुकट असतात. फुकट मिळालं त्याचा ग्राहक कसा?

वकील : सरकारी वकील पहिला मुद्दा हाच काढणार. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात ठरवलं की जिथे सगळ्यांनाच सरसकट फुकट उपचार मिळतात, ते रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर. एमएच सगळ्यांसाठी नाही, काका. गावातला शेतकरी तिथे भरती होऊ शकत नाही. तिथे तुम्ही जाता ते तुमच्या नोकरीच्या अटींतून मिळालेल्या हक्काने. मध्य रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या बायकोच्या प्रकरणात न्यायालयाने हेच म्हटलं, की रेल्वेने आपल्या माणसांसाठी चालवलेलं रुग्णालय म्हणजे धर्मादाय नव्हे, ती नोकरीची अट आहे. शिवाय २००३ पासून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आली. निवृत्त होताना रँकप्रमाणे एकरकमी वर्गणी भरूनच कार्ड मिळतं. हवालदाराने ती भरलीय. आणि ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकने खाजगी रुग्णालयात रेफर केलं असतं, तर त्या रुग्णालयावर तक्रार आणखी सरळ झाली असती. बिल ईसीएचएसने भरलं म्हणून रुग्णाचा हक्क जात नाही.

सुभेदार : कायदा तुझा. आता माझ्या विषयावर ये. तुला सिद्ध काय करायचंय? प्लास्टर घातलेला पाय सुजतोच. सूज आत वाढते, प्लास्टर मागे सरकत नाही. पोटरीचे स्नायू कप्प्यांत असतात, कप्प्यात दाब वाढला की रक्त थांबतं. हे कुणालाही होऊ शकतं, अगदी नीट घातलेल्या प्लास्टरमध्येही. त्यात डॉक्टरची चूक काय?

वकील : दाब वाढला ही चूक नाही. तो वेळेत ओळखला का, हा प्रश्न आहे. तुमच्या वॉर्डात तुम्ही काय करायचात?

सुभेदार : (थोडं थांबून) प्लास्टर झालं की पाय उशीवर उंच. बोटं उघडी ठेवायची. तासातासाला बोटांचा रंग बघायचा, हात लावून ऊब बघायची, नख दाबून सोडायचं, गुलाबी रंग किती पटकन परत येतो ते बघायचं. पेशंटला बोटं हलवायला सांगायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोटं आपण हळूच वर ओढून बघायची. तेव्हा तो किंचाळला तर खेळ संपत आलाय असं समजायचं. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहायचं नाही, नाडी शेवटपर्यंत लागू शकते. औषधाने कळ थांबत नसेल तर ड्युटी डॉक्टरला उठवायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी. प्लास्टर वरून खालपर्यंत चिरायचं, आतल्या कापसासकट, कातडी दिसेपर्यंत. तरी उतरलं नाही तर ओटी तयार ठेवायचं. सहा तासांच्या आत हे सगळं. पुढे स्नायू मरायला लागतो.

वकील : आणि हे लिहून ठेवायचात?

सुभेदार : चार्टवर. वेळ आणि सही. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, असं आमच्या हवालदार मेजरने पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

वकील : माझा दावा याच चार्टवर उभा राहील किंवा पडेल. तो अजून कुणी दाखवलेला नाही.

सुभेदार : पण त्याला साखर आहे, हे विसरू नकोस. ते म्हणतील, पाय साखरेने गेला. आणि ते अगदीच खोटंही नसेल. साखरेच्या पेशंटचं रक्ताभिसरण आधीच मंद असतं, पायाची संवेदना कमी झालेली असते.

वकील : हा सगळ्यात कठीण मुद्दा आहे, मान्य. त्यासाठी हाडांच्या तज्ज्ञाचं मत लागेल, आणि आधीचे पॉलिक्लिनिकचे कागद लागतील. पाय आधी बरा होता की नव्हता, ते त्यातून दिसेल. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना मी परत पाठवते, काका. निकाल वाईट लागला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं होत नाही. उपचार करूनही माणसं दगावतात. पण रात्रभर ओरडणाऱ्या माणसाची बोटं कुणी बघितली नसतील, तर साखरेचं कारण सांगून चालणार नाही. साखर आहे म्हणून तर जास्त बघायला हवं होतं.

सुभेदार : ते बरोबर. पण उद्या सगळेच दावे लावायला लागले तर? डॉक्टर जोखमीच्या पेशंटला हातच लावणार नाहीत. आला की पुढे रेफर, आला की पुढे रेफर. रेफर होता होता माणूस गाडीत मरेल. अमेरिकेत असंच झालंय ना?

वकील : अमेरिकेची गोष्ट पूर्ण ऐका. तिथे निवृत्त सैनिकांसाठी सरकारची वेगळी रुग्णालयं आहेत. तिथे चूक झाली तर १९४६ च्या एका कायद्याखाली आधी त्या विभागाकडेच लेखी दावा करायचा, दोन वर्षांच्या आत, हवी ती रक्कम आकड्यात लिहून. विभागाला सहा महिने मिळतात. त्यांनी नाकारलं किंवा गप्प राहिले, तर फेडरल कोर्टात. ज्यूरी नाही, न्यायाधीशच ठरवतात. आणि डॉक्टरवर वैयक्तिक दावा लागत नाही, प्रतिवादी सरकार. म्हणजे डॉक्टरच्या डोक्यावर तलवार टांगलेली नसते. सेवेतल्या सैनिकाला मात्र १९५० च्या फेरेस निकालापासून कोर्टाचं दार बंद आहे. त्याला २०१९ च्या शेवटी उपचारांतल्या चुकीसाठी संरक्षण खात्याकडे दावा करण्याची मुभा मिळाली. तिथेही सगळं सरळ नाही. पण सहा महिन्यांत खात्याने उत्तर द्यायचं, ही गोष्ट मला आपल्याकडे हवी आहे. आपल्याकडे सरकारवर दिवाणी दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती यासाठीच की सरकारने विचार करून वाद मिटवावा. त्या नोटिशींना उत्तरंच येत नाहीत किंवा मोघम येतात, अशी खंत सर्वोच्च न्यायालयानेच २००५ मध्ये नोंदवली होती.

सुभेदार : म्हणजे तुला भांडण हवंय की उत्तर?

वकील : उत्तर. ते मागून मिळालं असतं तर हवालदाराची बायको माझ्याकडे आलीच नसती. मीठ खाल्ल्याचं तुम्ही म्हणता, पण तिच्या नवऱ्यानेही मीठ खाल्लं तसं रक्तही दिलंय. त्याचा पाय का गेला हे विचारणं बेइमानी कशी?

सुभेदार : बेइमानी म्हणत नाही मी. मला एवढंच वाटतं, आधी आतल्या आत सुधारायला वाव द्यावा. एमएचच्या नावाला बट्टा लागला की गावातली माणसं तिथे जायला बिचकतात, आणि मग खाजगीत जाऊन घर विकतात. हे मी सोडणार नाही. आणि कोट्यवधींचे आकडे दाव्यात टाकू नकोस. पाहणाऱ्याला वाटतं, पायाची किंमत करायला बसलेत.

वकील : आकडा कृत्रिम पाय, तो ठरावीक वर्षांनी बदलण्याचा खर्च, बुडालेली कमाई आणि सोसलेला त्रास यांवरून काढू. फुगवणार नाही.

सुभेदार : मग ऐक. आधी केस शीट माग. डिस्चार्ज स्लिप नव्हे, पूर्ण केस शीट. त्यात नर्सिंग चार्ट, ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट, औषधं दिल्याची नोंद, ओटीच्या नोट्स, ड्युटी डॉक्टरला कधी बोलावलं त्याची वेळ. वॉर्डाचं रात्रीचं रिपोर्ट बुक वेगळं असतं, तेही माग. आणि आली की मला दाखव. त्यात तासातासाची नोंद असेल, खरी, एका झटक्यात मागाहून लिहिलेली नव्हे, तर मी तुझ्याविरुद्ध बोलेन. आयोगापुढे येऊनसुद्धा.

वकील : तशी नोंद असेल तर मी दावा लावणारच नाही.

सुभेदार : आणि नसेल तर?

वकील : तर तुम्ही याल?

सुभेदार : (उत्तर देत नाहीत.)

सुभेदारांना मी इथे गप्प ठेवलं आहे, कारण आपल्या जुन्या वॉर्डाविरुद्ध साक्षीला उभं राहायचं की नाही, हे अशा माणसाच्या वतीने मी ठरवू शकत नाही. मात्र त्यांनी सांगितलेली कागदांची यादी प्रत्येक माजी सैनिकाच्या घरात असायला हवी.

आणि ते कागद वेळेत मागायला हवेत. उशीर झाला तर काय होतं, त्यासाठी गोव्यातल्या एका परिचारिकेचा अनुभव इथे सांगायला हवा. १९९३ मध्ये खाजगी रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली, पोटात गॉज राहिलं. ते नऊ वर्षांनी, २००२ मध्ये निघालं, आणि तिने २००४ मध्ये तक्रार केली. चूक उघड झाल्यापासून मुदत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेतलं. पण इतकी वर्षं दुखत असताना, स्वतः परिचारिका असून, तिने कारण शोधलं नाही, म्हणून २०१० मध्ये तिचा दावा मुदतबाह्य ठरला. चूक दिसत होती, तरी दार बंद झालं.

म्हणून ज्यांच्या घरी अशी घटना घडली आहे, त्यांना माझी विनंती आहे. दावा करायचा की नाही ते सावकाश ठरवा, पण कागद आजच मागा. नोंदणीकृत डॉक्टरांनी भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असा २००२ चा वैद्यक परिषदेचा नियम आहे. लष्करी रुग्णालयांचे स्वतःचेही नियम असतात, तरी मागणी लेखीच करा, पोच घ्या, आणि उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्याला तीस दिवसांची मुदत असते. बायकोने, मुलाने रात्री काय पाहिलं ते तारीख-वेळेसह त्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवा. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, आणि रुग्णालयाच्या उत्तराची वाट पाहताना ती थांबत नाही.